बार्ज ते फ्रिगेट: जहाजबांधणीच्या नागरी आणि लष्करी मानकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्कोत आयुष्य काढलेल्या माणसाला जहाजांविषयी कुणी ना कुणी विचारत राहतंच. मी सुरुवातीची वर्षं खनिजाच्या बार्जवर काढली आणि नंतर गस्ती जहाजांवर हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा आणि बाहेरचं कवच, तपासणारा इन्स्पेक्टर म्हणून. आता डिप्लोमाची मुलं, आयटीआयचे वेल्डर, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानदार, शिवाय शेजारपाजारचे हौशी लोक फोनवर तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. युद्धनौकेचा पत्रा व्यापारी जहाजापेक्षा जाड असणार ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा उलटं आहे. झुआरीतून खनिज वाहणारी बार्ज घ्या. तिच्या पोटात क्रेनचा पंजा, म्हणजे ग्रॅब, आपटतो, ओहोटीला ती वाळूवर बसते, वर्षभर खाऱ्या-गोड्या पाण्यात गंजते. तिला घाई नाही, त्यामुळे वजनाची फिकीर नाही. म्हणून पत्रा जाड ठेवायचा, गंजून किती उरला ते दर तपासणीला अल्ट्रासोनिक गेजने मोजायचं आणि फारच खाल्ला गेला असेल तर कापून नवा बसवायचा.

फ्रिगेटला, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेला, २८ नॉट धावायचं असतं आणि डोक्यावर रडारचा डोलारा पेलायचा असतो. तिथे प्रत्येक किलोचा हिशोब होतो. वरच्या मजल्यांवर पाच-सहा मिलिमीटरचा पत्रा सर्रास असतो आणि त्याच्या मागे स्टिफनर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, दाटीवाटीने लावलेले असतात. पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने आत ओढला जातो. संध्याकाळची तिरपी उन्हं पडली की जहाजाच्या अंगावर उपाशी गुरासारख्या बरगड्या दिसतात, त्या याच. बघणाऱ्याला वाटतं काम खराब झालंय. ठरावीक मर्यादेत असेल तर ते चालतं. मर्यादेबाहेर गेलं तर उष्णता देऊन सरळ करावं लागतं, आणि ते काम फार कंटाळवाणं असतं.

चिलखत हा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या बॅटलशिपांबरोबर मागे पडला. आजच्या नौकांवर फार तर मोक्याच्या जागांभोवती उडत्या तुकड्यांपासून संरक्षण असतं.

२. जाडी नाही, तर मग मूळ फरक कुठला?

नियम लिहिणाऱ्याने स्वतःला काय विचारलं, त्यात फरक आहे. नागरी नियम विचारतो: वादळ आलं, टक्कर झाली, आग लागली, तर माणसं सुखरूप बाहेर कशी पडतील आणि तेल समुद्रात कसं सांडणार नाही? लष्करी नियम विचारतो: कुणीतरी मुद्दाम मारलं, तर त्यानंतरही हे जहाज चालेल का, दिसेल का, लढेल का?

व्यापारी जहाजावर शेवटचा उपाय लाइफबोट. युद्धनौकेवर जहाज सोडणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. खालची जवळजवळ सगळी उत्तरं या एका फरकातून निघतात.

३. नागरी मानकं ठरवतं कोण? क्लास, सोलास, डीजी शिपिंग, सगळा गोंधळ आहे.

तीन थर आहेत असं समजा.

पहिला आंतरराष्ट्रीय करारांचा. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली, १९१४ मध्ये पहिला सोलास, म्हणजे समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेचा, करार झाला; आज चालतो तो १९७४ चा, वेळोवेळी सुधारलेला. प्रदूषणासाठी मार्पोल. दुसरा थर झेंड्याच्या देशाचा: आपल्याकडे डीजी शिपिंग, म्हणजे जहाजवाहतुकीचं महासंचालनालय, आणि जागेवर मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट. तिसरा वर्गीकरण संस्थांचा, ज्यांना सगळे नुसतं ‘क्लास’ म्हणतात. लॉइड्सची परंपरा १७६० पासूनची, आपली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग (आयआरएस) १९७५ ची. पत्रा किती जाड, वेल्ड किती मोठा, शाफ्टचा व्यास किती, हे क्लासच्या पुस्तकात सापडतं. सोलास असल्या तपशिलात फारसा शिरत नाही.

मांडवीतल्या बार्ज आणि फेरीबोटी यांना हे सगळं लागू होत नाही. त्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्याखाली येतात. जुना कायदा १९१७ चा होता, नवा २०२१ चा. गोव्यात त्यांचं कामकाज बंदर कप्तानाच्या कचेरीतून चालतं.

४. सोलास युद्धनौकांना लागू होतो का?

नाही. सोलासच्या पहिल्याच प्रकरणात सूट दिलेल्यांची यादी आहे, आणि तिच्यात युद्धनौका सर्वांत वर आहेत. त्याच यादीत मासेमारीच्या बोटी, ५०० टनांखालची मालवाहू जहाजं आणि जुन्या पद्धतीने बांधलेली लाकडी गलबतंही आहेत. म्हणजे विमानवाहू नौका आणि बेतूलचा ट्रॉलर एकाच रांगेत.

मार्पोलमध्येही युद्धनौकांना आणि बिगर-व्यापारी सरकारी जहाजांना सूट आहे, पण तिथे पुढे एक ओळ जोडलेली आहे: जमेल तितपत कराराला धरूनच वागावं, हे त्या-त्या देशाने पाहायचं. व्यवहारात आजची नौदलं मैलापाणी, तेलकट पाणी, कचरा यासाठी मार्पोलचीच यंत्रं मागतात. आपल्या नौदलाचे दीपक आणि शक्ती हे टँकर इटलीत दुहेरी हलचे बांधले गेले, ते याच विचाराने.

५. मग युद्धनौकेचे नियम लिहितं कोण? नौदल स्वतःच स्वतःला पास करतं का?

बऱ्याच अंशी हो, आणि त्यात गैर काही नाही. मालक तेच, वापरणारे तेच, मरणारेही तेच. आपल्याकडे नौदलाची स्वतःची वॉरशिप डिझाइन ब्युरो आहे आणि बांधणीच्या जागी नौदलाचं देखरेख पथक बसलेलं असतं. यार्डातला माणूस क्लासच्या सर्व्हेअरशी वाद घालू शकतो. पथकातल्या कमांडरशी घालताना जरा विचार करतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र चित्र बदललं आहे. लॉइड्स, डीएनव्ही, अमेरिकन ब्युरो, आपली आयआरएस, सगळ्यांनी नौदली जहाजांसाठी वेगळी नियमपुस्तकं काढली. नाटोने सोलासच्या धर्तीवर नौदलांसाठी ‘नेव्हल शिप कोड’ तयार केला. त्यात ‘अमुक मिलिमीटर’ असं न सांगता कुठलं उद्दिष्ट गाठायचं ते सांगितलेलं असतं. आपल्याकडे संधायक वर्गाची सर्वेक्षण जहाजं आणि अर्नाळा वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौका आयआरएसच्या नियमांनी बांधल्या आहेत. त्यामुळे ‘लष्करी की नागरी’ हा प्रश्न आता कात्रीने कापल्यासारखा सुटत नाही.

६. ‘शॉक’ म्हणजे काय? सगळे त्याचाच बाऊ का करतात?

बाऊ नाही. पुस्तकांमधला सगळ्यांत खर्चिक फरक हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नदीत जिलेटीन टाकून मासे मारणारे लोक तुम्ही पाहिले नसतील तर ऐकले तरी असतील. कायद्याने बंदी आहे, तरी कुणीतरी करतंच. वर येणाऱ्या माशांवर ओरखडाही नसतो, आणि तरी ते मेलेले असतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्फोटाचा धक्का जवळजवळ जसाच्या तसा पोचतो. सुरुंग किंवा टॉर्पेडो जहाजाला न शिवता खाली फुटला तर जहाजाचं तेच होतं. आधी धक्क्याची लाट येते. मागून वायूचा प्रचंड बुडबुडा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. त्याच्या तालावर जहाज मधोमध उचललं जातं आणि मग खाली लोंबतं. कणा मोडतो तो इथे. आणि कणा मोडला नाही, तरी आतलं सगळं हादरतं.

आता विचार करा: हल शाबूत आहे, पाणी आलेलं नाही, पण प्रत्येक पंपाचा बिडाचा पाय तडकला आहे, स्विचबोर्डचे ब्रेकर आपोआप पडले आहेत, जायरो बंद आहे. जहाज तरंगतंय, पण मेलेलं आहे. म्हणून नियम असे येतात: मोक्याच्या यंत्रांना बीड नको, कारण ते ठिसूळ. यंत्र रबरी माउंटवर, पण ते किती हलेल याला अटकाव. पाइप जिथे यंत्राला जोडतो तिथे लवचीक तुकडा. फाउंडेशनचा बोल्ट कुठल्या प्रतीचा आणि किती ताणाने आवळायचा ते लिहून. केबलला ढील हवी.

अमेरिकन पद्धतीत यंत्रांचे दोन वर्ग करतात. ‘अ’ वर्गातलं धक्क्यानंतरही चाललंच पाहिजे. ‘ब’ वर्गातलं बंद पडलं तर चालेल, पण सुटून कुणाच्या डोक्यात पडता कामा नये. खलाशांच्या खानावळीतला फ्रीज ‘ब’. आग विझवण्याचा पंप ‘अ’. चाचणी करताना हलक्या आणि मध्यम यंत्रांवर खरोखरचा घण मारतात, आणि जड यंत्रं एका तराफ्यावर बसवून शेजारच्या पाण्यात स्फोट घडवतात. पूर्ण जहाजाचीही अशी परीक्षा होते: २०२१ मध्ये अमेरिकेने जेराल्ड फोर्ड या विमानवाहू नौकेजवळ तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे १८ टन स्फोटकं उडवली.

नागरी नियमपुस्तकात यातलं काहीही नाही, आणि असायचं कारणही नाही. ट्रॉलरला कोण सुरुंग लावणार?

७. आमच्या पंपाला क्लासचं ‘टाइप अप्रूव्हल’ आहे. तो नौदलाच्या जहाजावर चालेल का?

कुठे बसवणार, यावर आहे. टाइप अप्रूव्हल सांगतं की पंप समुद्रावरच्या कंपनात, दमटपणात, कलत्या जहाजावर नीट चालतो. धक्क्याबद्दल ते गप्प आहे (प्रश्न ६). गस्ती जहाजाच्या मैलापाण्याला तो तसाच घेतील. फ्रिगेटच्या फायर मेनसाठी, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या मुख्य पाइपसाठी, शॉक, कंपन, आवाज यांचे वेगळे दाखले मागतील. निविदा भरण्याआधी तांत्रिक तपशिलात त्या यंत्राच्या पुढे कुठला शॉक वर्ग लिहिला आहे तेवढं शोधा. ती एक ओळ न वाचता भाव देणारे कारखानदार मी हात चोळत बसलेले पाहिले आहेत.

८. बुडण्यापासून बचावाचे नियम कसे वेगळे?

प्रवासी आणि मालवाहू जहाजांसाठी २००९ पासून सोलास संभाव्यतेचं गणित मांडतो: कुठे टक्कर होण्याची शक्यता किती, आणि तिथे भोक पडलं तर वाचण्याची शक्यता किती, याची बेरीज ठरावीक आकड्यापेक्षा जास्त हवी. नौदलं सहसा सरळ सांगतात. अमेरिकेचा जुना नियम असा की ३०० फुटांवरच्या युद्धनौकेच्या लांबीचा १५ टक्के भाग कुठेही फाडला तरी ती तरंगली पाहिजे. म्हणून कप्पे लहान आणि बल्कहेड, म्हणजे कप्प्यांमधल्या भिंती, पुष्कळ. दोन इंजिनरूम वेगळ्या, जनरेटर पुढे-मागे विभागलेले, फायर मेनची साखळी अशी की मधला तुकडा गेला तर दुसऱ्या बाजूने पाणी यावं.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात जलरोधक बल्कहेडला शत्रू असतो तो ड्रिल मशीन हातात घेतलेला माणूस. एका यार्डात मी हे पाहिलं. जहाज ट्रायलला निघायला तीन आठवडे उरले होते. दिव्यांची एक केबल उशिरा आली आणि कुणीतरी बल्कहेडमध्ये सरळ भोक पाडून, भोवती सीलंट फासून, ती ओढून घेतली. केबलभोवती पाणी अडवणारी ग्लँड नाही, नोंद नाही, वरून छान पांढरा रंग. टॉर्च घेऊन केबल ट्रेच्या मागे वाकलो तेव्हा रंगाच्या कडेला बोटाएवढी फट दिसली. त्या फटीतून पलीकडच्या कप्प्यातला दिवा दिसत होता. पाण्याने भरलेल्या कप्प्याचा दाब तिथे आला असता तर सीलंट किती टिकलं असतं, ते सांगायला नको. पुढचे दोन दिवस आम्ही त्या डेकवरचं प्रत्येक भोक मोजलं.

नॉर्वेच्या हेल्गे इंगस्टाड या फ्रिगेटची नोव्हेंबर २०१८ मध्ये टँकरशी टक्कर झाली. चौकशीत निघालं की पाणी पोकळ प्रोपेलर शाफ्टमधून एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं, म्हणजे मूळ आराखड्यातच जलरोधकता फसली होती. खलाशी सगळे वाचले, जहाज गेलं. चौकशीवाल्यांनी आणखी एक नोंद केली: जहाज सोडताना दारं आणि झाकणं बंद केली असती तर ते कदाचित बुडालं नसतं.

९. आगीचं काय? ‘ए-६०’ दरवाजा युद्धनौकेवरही असतो का?

असतो. ‘ए-६०’ म्हणजे एका बाजूला आग असताना साठ मिनिटं पलीकडच्या बाजूचं सरासरी तापमान १४० अंश सेल्सिअसहून जास्त वाढू नये. ही मोजपट्टी इतकी चांगली आहे की नौदलांनीही ती उचलली.

फरक माणसांत आहे. मोठ्या व्यापारी जहाजावर वीस-पंचवीस माणसं. त्यांच्याकडून आशा एवढीच की इंजिनरूम बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडतील आणि हवा तोडतील. फ्रिगेटवर दीडशे ते अडीचशे माणसं, आणि त्यातला प्रत्येक जण आग विझवायला शिकलेला. म्हणून युद्धनौकेचा नियम विझवणाऱ्यांना पोचता यावं, धूर मागे ढकलता यावा, अंधारात हाताला व्हॉल्व्ह सापडावा, अशा गोष्टींवर जोर देतो. १९८८ मध्ये अमेरिकेची सॅम्युएल बी. रॉबर्ट्स आखातात सुरुंगावर चढली, कणा मोडला, आणि खलाशांनी तडे गेलेला वरचा भाग पोलादी तारांनी आवळून जहाज वाचवलं. पंचवीस माणसांत हे होत नाही.

फॉकलंडच्या युद्धात ४ मे १९८२ ला ब्रिटनची शेफिल्ड ही नौका एक्झोसेट क्षेपणास्त्र लागून जळाली. तेव्हापासून ‘ॲल्युमिनियममुळे जळाली’ अशी गोष्ट फिरते. शेफिल्डचा वरचा भाग पोलादी होता. ॲल्युमिनियमचा खरा धडा १९७५ चा: टक्कर होऊन आग लागलेल्या बेल्कनॅप या अमेरिकी क्रूझरचा ॲल्युमिनियमचा वरचा मजला वितळून गेला होता.

१०. पोलादाची ग्रेड कशी ओळखायची? डीएच ३६ आणि डीएमआर २४९ए यांत काय फरक?

क्लासच्या ग्रेडमध्ये आकडा ताकद सांगतो आणि पहिलं अक्षर चिवटपणा. ३६ म्हणजे यील्ड, म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण, सुमारे ३५५ मेगापास्कल. अक्षर ए असेल तर आघाताची चाचणी शून्य अंशावर, डी असेल तर उणे २०, ई असेल तर उणे ४०. गोव्यात बर्फ कधी पडत नाही, मग उणे चाळीसवर कशाला? कारण थंडीत ठिसूळ होणारं पोलाद झटक्याच्या भारालाही ठिसूळपणेच वागतं. चाचणीतली थंडी हा स्फोटाचा स्वस्त पर्याय समजा.

डीएमआर २४९ए हे हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने नौदलासाठी विकसित केलेलं पोलाद. सरकारी पोलाद कंपनी ‘सेल’ने ते बनवलं आणि विमानवाहू विक्रांत त्यातून उभी राहिली. त्याआधी असं पोलाद रशियाहून यायचं.

११. माझ्याकडे क्लासचं वेल्डर सर्टिफिकेट आहे, ३जी आणि ४जी (उभ्या आणि डोक्यावरच्या वेल्डचं). नौदलाच्या कामावर ते चालेल ना?

अर्धं चालेल. सर्टिफिकेट हे प्रक्रिया, पोझिशन, जाडी आणि पोलादाचा गट यांना बांधलेलं असतं. क्लासच्या नियमांनी बांधल्या जाणाऱ्या गस्ती जहाजावर तेच कामाला येईल. पोलाद बदललं की नवी वेल्डिंग प्रोसीजर सिद्ध करावी लागते आणि तिच्यावर तुमची नवी परीक्षा होते.

आणि एक गोष्ट, जी परीक्षेत विचारत नाहीत. उच्च ताकदीच्या पोलादाला लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड लागतो, आणि जून ते सप्टेंबर वास्कोची हवा म्हणजे ओलं फडकं. ओव्हनमधून काढलेला इलेक्ट्रोड चहा पिऊन येईपर्यंत उघडा ठेवलात तर ओलावा घेतो. वेल्ड दिसायला सुंदर होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून तडकतो. म्हणूनच अशा वेल्डची तपासणी लगेच न करता ४८ तासांनी करतात. हातातला गरम डबा, म्हणजे क्विव्हर, प्लगला लावलेला आहे का, हे दर तासाला बघत जा, बाबांनो.

१२. आवाज आणि चुंबकत्व यांचे नियम कुणासाठी?

मुख्यतः पाणबुडी शोधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या नौकांसाठी. पहिलीला स्वतःचा आवाज कमी हवा, म्हणून इंजिनं दुहेरी तराफ्यांवर बसवतात. दुसरीला लोखंड नको, म्हणून हल फायबरचा आणि नट-बोल्टसुद्धा अचुंबकीय. अशा बारा सुरुंगनाशक नौका गोव्यात कोरियन सहकार्याने बांधायची योजना होती, ती २०१८ मध्ये बारगळली. व्यापारी जहाजावर आवाजाचे नियम आहेत ते खलाशांच्या कानांसाठी.

१३. व्यापारी नियमांनी युद्धनौका बांधता येते का? स्वस्त पडेल की.

येते, आणि जपून केली तर चांगली होते. ब्रिटनची हेलिकॉप्टरवाहू ओशन हिचा हल व्यापारी मानकांनी क्लाइडवर बांधला, १९९५ मध्ये पाण्यात उतरला, नौदलात १९९८ ते २०१८ चालला आणि आज ती ब्राझीलची नौका आहे. डेन्मार्कने तर इव्हर हुइटफेल्ड वर्गाच्या फ्रिगेट कंटेनर जहाजं बांधणाऱ्या ओडेन्सेच्या गोदीत, व्यापारी पद्धतीने मोठे ब्लॉक जोडत बांधल्या. नियम नौदली, कामाची रीत व्यापारी. माझ्या मते अनुकरण करावं ते याचं.

उलटं उदाहरण अमेरिकेच्या कॉन्स्टेलेशन वर्गाचं. युरोपच्या ‘फ्रेम’ (FREMM) नावाच्या फ्रिगेटचा सिद्ध आराखडा घेतला, ठरलं होतं की ८५ टक्के तसाच ठेवायचा. अमेरिकी नौदलाची टिकावाची मानकं बसवता बसवता सारखेपणा १५ टक्क्यांच्याही खाली आला. वजन वाढलं, वर्षं गेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली दोन सोडून बाकीची जहाजं रद्द झाली. महागडं मानक वाईट नसतं. ते आराखडा झाल्यावर आणून लादणं वाईट.

१४. मग गस्ती जहाजाला, म्हणजे ओपीव्हीला, कुठलं मानक?

बहुधा क्लासचं, वर नौदलाच्या काही मागण्या. २०१३ मध्ये वास्कोत सेवेत आलेली सरयू, तिच्या बहिणी, श्रीलंकेला दिलेली सयुराला, ही सगळी गोवा शिपयार्डची ओपीव्ही कुळातली जहाजं. त्यांचं काम दिवसच्या दिवस समुद्रावर राहणं, चाचे आणि तस्कर यांना अडवणं. त्यांना फ्रिगेटइतका शॉक दिला तर पैसे वाया. फक्त एक लक्षात ठेवा: पुढे कुणी म्हणालं, ‘हिच्यावर क्षेपणास्त्रं बसवू, फ्रिगेटच होईल,’ तर होत नाही. प्रश्न ६ आणि ८ मधलं काहीही नंतर आत शिरवता येत नाही.

१५. तटरक्षक दलाची जहाजं लष्करी की नागरी?

दल लष्करी, १९७८ च्या कायद्याने सशस्त्र दलच. जहाजं बांधणीने बहुतांशी क्लासची, काही तर दोन संस्थांच्या दुहेरी वर्गाची. ऑगस्ट २०२४ मध्ये वास्कोत पाण्यात उतरलेलं समुद्र प्रताप हे प्रदूषण नियंत्रण जहाज पाहा: त्याचं कामच तेलगळतीजवळ जाणं, त्यामुळे तिथे टँकरच्या जगातले ज्वालाग्राही वायूचे नियम जास्त कामाचे.

१६. गोवा शिपयार्डची त्रिपुट ही फ्रिगेट २०२४ मध्येच ‘लाँच’ झाली, मग लगेच नौदलात का गेली नाही?

लाँच म्हणजे हल तरंगला. त्रिपुट २३ जुलै २०२४ ला उतरली ती १२४.८ मीटरची जवळजवळ रिकामी खोकी होती म्हणा. पुढे केबल, पाइप, शस्त्रं, मग जेटीला बांधून चाचण्या, मग समुद्रावर चाचण्या. व्यापारी जहाजाला हे काही महिने लागतात, फ्रिगेटला वर्षं. हा वेळ प्रश्न ६, ८ आणि ९ मधली प्रत्येक गोष्ट सिद्ध करण्यात जातो.

१७. निवृत्त युद्धनौका आणून मांडवीत तरंगतं हॉटेल केलं तर?

ती युद्धनौका राहिलेलीच नसते. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराच्या २९व्या कलमानुसार युद्धनौका म्हणजे सशस्त्र दलाची, बाहेरून तशी खूण असलेली, सनदी अधिकाऱ्याच्या हुकमाखालची आणि लष्करी शिस्तीतल्या खलाशांची. हे गेलं की सूटही गेली (प्रश्न ४), आणि नागरी नियमांच्या पुढे ती सपशेल नापास होते. जिने शिडीसारखे उभे, दारांचे उंबरे गुडघ्याएवढे, लाइफबोटी नाहीत, केबलचं इन्शुलेशन जुन्या काळचं, ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता. प्रवासी चढवायचे तर अर्धी आतून कापावी लागेल. नौदलातून निवृत्त झालेली विमानवाहू विराट गोव्यात संग्रहालय म्हणून आणायची कल्पना निघाली होती; ती २०२० मध्ये अलंगला गेली. विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी टिकली, कारण तिला वाळूवर ओढून ठेवलं. वाळूवर जहाजाचे नियम लागत नाहीत, इमारतीचे लागतात.

उलट दिशाही अवघड. अटलांटिक कन्व्हेयर हे कंटेनर जहाज १९८२ मध्ये फॉकलंडला हेलिकॉप्टर घेऊन गेलं. एक्झोसेट लागल्यावर मोकळ्या लांबलचक मालकोठ्यांतून आग पसरली, बारा माणसं गेली. कप्पे नव्हते, विझवायला माणसं नव्हती.

१८. म्हादई, तारिणी आणि कौंडिण्य यांना कुठलं मानक लावलं?

गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या या तीन शिडाच्या बोटींनी नियमवाल्यांना चांगलंच कामाला लावलं. म्हादई २००९ ची, तारिणी २०१७ ची; दोन्ही नौदलाच्या, पण शस्त्र नाही, शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या. त्यांच्यासाठी शिडाच्या नौकांची, म्हणजे यॉटची मानकं कामाला आली. दक्षिण महासागरात उलटली तरी सरळ व्हावी, हा तिथला मुख्य नियम.

कौंडिण्य मात्र कुठल्याच पुस्तकात बसत नाही. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकाच्या चित्रावरून बेतलेली, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेली, खिळा नाही. शिवणीचा ताण किती, असं कुठल्या क्लासच्या तक्त्यात सापडणार? तिचे बांधणारे केरळचे परंपरागत कारागीर. मग नौदलाने आयआयटी मद्रासकडे प्रतिकृतीच्या चाचण्या केल्या, डोलकाठीचा हिशोब स्वतः तपासला आणि उरलेलं कारागिरांच्या हातावर सोडलं. मे २०२५ मध्ये कारवारला ती नौदलात दाखल झाली आणि २९ डिसेंबरला पोरबंदरहून मस्कतला निघून जानेवारीत पोचली.

ती दिवाडीला असताना मी एकदा बघायला गेलो होतो. सवयीने खिशातला जाडी मोजायचा गेज काढला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, परत दिला, आणि फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला.